नोड रिकामे, जॉब मात्र रांगेत

रविवार रात्र ते गुरुवार दुपार मी स्क्रीनवर ‘पीडी’ ही दोन अक्षरं बघितली. पेंडिंग. एम.टेक. प्रोजेक्टचं कॉम्प्युटरवरचं शेवटचं मोठं रन, आणि ते सुरूच होईना.

कॉम्प्युटरवर वाकवून बघायचा तो काँक्रीटचा बीम तसा साधा. 150 बाय 150 मिमी, लांबी 550, मधोमध खालून 25 मिमीची खाच. युरोपियन मानक ईएन 14651 मधला. काँक्रीटमध्ये मिसळलेल्या बारीक पोलादी तारा, म्हणजे स्टील फायबर, घनमीटरला 40 किलो; आकारमानाच्या जेमतेम अर्धा टक्का. पण 60 मिमी लांब, 0.75 मिमी जाड फायबर मोजायला बसलं की एका बीममध्ये 2300 च्या वर निघतात. प्रत्येक फायबर वेगळा धरायचा, तो काँक्रीटमधून कसा उपसून निघतो तेही सांगायचं. लॅपटॉपने नुसता पंखा गरगरवला.

म्हणून क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर; त्यातला एकेक म्हणजे नोड. तिथे रन ‘जॉब’ म्हणून रांगेत टाकायचं. वॉलटाइम, म्हणजे जॉबसाठी मागायचा वेळ, टाकला 168 तास, मिळतो तेवढा सगळा. सीनियर म्हणाला होता, “जास्तच टाक गं, मध्येच मेला तर बोंबलत बसशील.”

सोमवारी पीडी. मंगळवारी पीडी. बुधवारी सहज बघितलं तर अकरा नोड रिकामे! मला हवे होते चार. कारणाच्या रकान्यात मात्र ‘नोड उपलब्ध नाही’ अशा अर्थाचं काहीतरी. मेल केला, उत्तर आलं: तुमचा जॉब रांगेत आहे. अहो, ते मलाही दिसतंय! गाईड म्हणाले, “मोठ्या मशीनवर होतं असं, थांब जरा.”

गुरुवारी दुपारी सरळ फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, शनिवारी सकाळी नऊला मेंटेनन्स आहे. तुम्ही सात दिवस मागताय. मेंटेनन्सच्या आधी न संपणारा जॉब शेड्यूलर, म्हणजे रांग सांभाळणारा प्रोग्राम, सोडतच नाही.” म्हणजे नोड त्यासाठीच रिकामे होत चालले होते. लॉगिन करताना जी लांबलचक पाटी सरकत जाते, तिच्यात हे लिहिलेलंही होतं. ती कोण वाचतं?

वॉलटाइम 40 तास केला. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत जॉब सुरू! आणि लागले किती? 31 तास. त्या 168 ची अजून लाज वाटते. आधी दहा-पंधरा मिनिटांचं चाचणी रन करा, त्यावरून हिशेब मांडा, दीडपट मागा. थांबला तिथून पुढे सुरू करता येईल अशी रीस्टार्ट फाइल लिहायला सांगून ठेवा, म्हणजे मध्येच मेला तरी बोंबलावं लागत नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: एक्सप्लिसिट सॉल्व्हर (वेळेच्या अगदी छोट्या पावलांनी, म्हणजे टाइम स्टेपने, पुढे जाणारा प्रोग्राम) असेल तर मेशमधला, म्हणजे मॉडेल ज्या तुकड्यांत कापलंय त्यांतला, सगळ्यात छोटा तुकडा शोधा. स्टीलमध्ये ताणाची लहर सेकंदाला सुमारे 5000 मीटर पळते, म्हणून 1 मिमीच्या तुकड्याला टाइम स्टेप 0.2 मायक्रोसेकंदाच्या वर जात नाही. माझ्याकडे मेशने कापलेल्या फायबरची 0.1 मिमीची शेपटं उरली होती. तेवढ्यासाठी अख्खा बीम दहापट हळू. ती शेजारच्या तुकड्यात मिसळून टाकली.

रनमधून आलेला आलेख लॅबमधल्या चाचणीच्या आलेखाच्या खालीच आला. मी फायबर सगळ्या दिशांना सारखे विखुरले होते; साच्याच्या भिंतीलगत ते भिंतीला समांतर आडवे होतात, हे धरलंच नव्हतं. ते दुरुस्त करून काल पुन्हा जॉब टाकलाय. 45 तास मागितलेत, पाटी वाचून.