रेखाटनवहीचा तिसरा महिना : मिसळणाचा डबा, सायकल आणि किशोर कादंबऱ्या

जूनमध्ये सुरू केलेली रेखाटनवही आता एकतिसाव्या पानावर आली आहे. नियम तोच आहे : रात्री किशोर कादंबरीचे एक प्रकरण वाचायचे आणि त्यात ज्या वस्तूमुळे कथा पुढे सरकते, तिच्याशी नाते सांगणारी घरातली एखादी वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटांत शाईच्या पेनाने उतरवायची. पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही वर्ज्य. या अटीपायी पहिल्या महिन्यात मी स्वतःलाच बरीच दूषणे दिली.

या महिन्यात सर्वाधिक वेळ मिसळणाच्या डब्याने खाल्ला. वाचलेल्या प्रकरणात सांकेतिक चिठ्ठी एका डब्यात दडवलेली होती, म्हणून सहज ओट्यावरचा डबा समोर घेतला आणि अडकलो. मधल्या वाटीभोवती त्याच मापाच्या बरोबर सहाच वाट्या बसतात. सातवीला जागा उरत नाही आणि पाचांत फट राहते. ही भूमिती डोळ्यांना ठाऊक असली, तरी हाताला नव्हती. शिवाय बैठकीवरून पाहताना पलीकडच्या वाट्यांची लंबवर्तुळे अलीकडच्यांपेक्षा चपटी दिसतात, हे एलिमेंटरी परीक्षेच्या वस्तुचित्राची तयारी करताना शिकलेले असूनही मी सगळी एकाच मापाची काढली. परिणामी डबा माझ्याकडे कलंडल्यासारखा दिसू लागला. चौथ्या प्रयत्नात तो जमिनीवर टेकला.

तो टेकला खरा, पण तरीही दुकानाच्या काचेमागच्या डब्यासारखा कोरा वाटत होता. कारण पुन्हा कादंबरीकडे वळल्यावर लक्षात आले. किशोरांसाठी लिहिणारा चांगला लेखक वस्तूच्या वर्णनात फार रेंगाळत नाही; विजेरी कशी दिसते हे तो सांगत नाही, ती नेमकी कोणत्या क्षणी मंद होते ते सांगतो. म्हणून पाचव्या चित्रात मोहरीच्या वाटीत रुतलेला चमचा, तळ दिसू लागलेली जिऱ्याची वाटी आणि हळदीने पिवळी पडलेली कड एवढेच ठळक काढले, बाकीचे जवळजवळ सोडून दिले. वहीतले आतापर्यंतचे सर्वांत बरे पान तेच आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुन्हा हाती घेतल्यावर सायकल टाळणे शक्यच नव्हते. फुरसुंगीच्या या बनेश फेणेची ओळख सायकलीवाचून पुरी होत नाही. जिन्याखालची सायकल न पाहता, स्मरणचित्र म्हणून काढली, तेव्हा पायडलपासून पुढच्या चाकापर्यंत मी एक भक्कम दांडा ओढला होता. असा दांडा असेल तर हँडल वळणार कसे? पुढचे चाक केवळ चिमट्यात धरलेले असते आणि म्हणूनच ते वळते, हे वर्षानुवर्षे सायकल चालवूनही माझ्या मनातल्या चित्रात नव्हते. ते पान मी फाडले नाही. खाली तारीख घातली आहे.

उरलेली पाने (कुलूप, छत्री, दोन चाव्यांचा जुडगा) यथातथा आहेत. त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. वाचनासाठी मात्र एक ठेवा सांगून ठेवतो : बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. त्यांतल्या गोष्टींइतकीच सोबतची रेखाचित्रेही पाहावीत; थोड्या रेघांत प्रसंग उभा करण्याची हातोटी तिथे शिकायला मिळते.

पुढच्या पानासाठी विळी काढून ठेवली आहे. पात्याचा बाक आणि टोकाची खवणी जमेल असे वाटते, पण धार शाईत कशी दाखवावी, तिथे बारीक रेघ ओढावी की कागद कोराच सोडावा, हे ठरत नाही. तुमच्यापैकी कोणी धातूची धार काढली असेल, तर त्यांनी आपली रीत जरूर कळवावी.