भोगीची भाजी आणि उंधियू

मार्गशीर्ष सरत आला की बडोद्याच्या खंडेराव मार्केटात सुरती पापडी, हिरवा लसूण, कोनफळ, लहान वांगी आणि ओले हरभरे यांची रेलचेल होते. साधारण याच भाज्यांतून मराठी घरांत भोगीची भाजी होते आणि गुजराती घरांत उंधियू. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरांत दोन्ही होतात, आणि तेही लागोपाठ, कारण भोगी बहुधा १३ जानेवारीला येते आणि उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली संक्रांत, १४ ला. थंडीत चार माणसांना जेवायला बोलवायचे असेल, तर मला या दोन भाज्याच सुचतात; प्रत्येक भाजी मूठमूठ घेतली तरी पातेले भरते, त्यामुळे त्या दोघांपुरत्या करताच येत नाहीत.

भोगीची भाजी अंगाबरोबर रस असलेली. वांगी, गाजर, घेवडा, पावटे, ओले हरभरे, भिजवलेले शेंगदाणे आणि दोन-चार बोरे फोडणीत परतून त्यात गोडा मसाला, चिंच-गूळ आणि शेवटी भाजलेल्या तिळाचे कूट घालतात. कूट आधी घातले तर रस तळाला लागतो. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा हवाच. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते थोडे थोडेच दळून आणावे. कोमट पाण्यात तळहाताने रगडून मळले की थापताना कडा फाटत नाहीत. थापलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवून तीळ दाबायचे, म्हणजे तव्यावर ते सुटून इकडेतिकडे उडत नाहीत. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे म्हणतात. रोगाचे जाऊ द्या, पण तव्यावरची भाकरी थेट ताटात येते, तेव्हा तिला नाही म्हणणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही.

उंधियूची तऱ्हा निराळी. त्यात रस नाही; भाज्या तेलात आणि स्वतःच्या वाफेवर शिजतात. पापडीला ओवा लावायचा, लहान बटाट्यांत आणि वांग्यांत ओले खोबरे, कोथिंबीर व हिरव्या लसणाचे सारण भरायचे, कोनफळ आणि रताळी तळाशी लावायची आणि डाव न घालता पातेलेच हलवायचे, नाहीतर सगळ्याचा लगदा होतो. मेथीचे मुठिये, म्हणजे मेथी घालून मुठीत वळलेले पिठाचे गोळे, तळून ठेवावेत आणि शेवटच्या दहा मिनिटांतच घालावेत, कारण ते आधी पडले तर सगळे तेल पिऊन फुटतात. तेलाच्या बाबतीत आमच्या शेजारच्या बांचा (गुजराती आजींचा) आणि माझा मतभेद कायमचा आहे. माझ्या उंधियूला त्या दरवर्षी ‘तेल ओछुं’, म्हणजे तेल कमी, असे म्हणतात आणि तरीही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

उत्तरायणाला सगळी सोसायटी पतंगांसाठी गच्चीवर असते, त्यामुळे दुपारचे जेवणही तिथेच होते: उंधियू, पुरी, जिलेबी, आणि आदल्या दिवशीची भोगीची भाजी मुद्दाम राखून ठेवलेली, कारण मुरल्यावर ती अधिक चांगली लागते. बांच्या घरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात तिळाच्या वड्या जातात. एवढे करूनही उंधियू उरतेच. ते वासी उत्तरायणाला, म्हणजे १५ ला, कुस्करून ज्वारी-बेसनाच्या पिठात मिसळावे आणि थालीपिठे लावावीत. मीठ मात्र चाखूनच घालावे, कारण मुठियांत ते आधीच असते.