बोअरचं जड पाणी आणि केस : माझा अनुभव

पुण्याच्या कडेकडेने उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत नवीन कुणी राहायला आलं, की दोन-तीन महिन्यांत एक गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं : "इथलं पाणी लागलं आणि केस जायला लागले." बोअर आणि टँकर एकाच टाकीत, नळाच्या तोंडाला पांढरा थर, साबणाला फेस नाही. मीही याच पाण्यावर आहे. सगळ्या घराचं पाणी बदलणं खर्चिक आणि बहुतेक वेळा अनावश्यकही असतं. केस धुण्यापुरतं पाणी सुधारलं तरी पुरतं. मात्र त्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, केस गळतायत की तुटतायत. न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेले केस उचलून काळ्या कापडावर पसरायचे. पूर्ण लांबीचा केस आणि एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळासकट गळलेला. गाठ नाही, तुकडा आखूड, टोक फाटलेलं, तर तो मधेच तुटलेला. माझ्याकडे बहुतेक तुकडेच निघाले. हा फरक महत्त्वाचा, कारण केस वाढतो तो त्वचेच्या आतल्या मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. वरून ओतलेलं पाणी तिथवर जाऊन वाढ थांबवतं असं दिसत नाही. पाणी बिघडवतं ती बाहेर आलेली, निर्जीव काडी. वाढ तेवढीच असते, पण टोकं तुटत राहिल्याने लांबी पुढे सरकत नाही आणि "केस वाढतच नाहीत" असं वाटतं.

गाठीवाले केस दिवसाला ५० ते १०० गेले तर ते नेहमीचंच. मूठमूठ जात असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन बघा : मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कडक डाएट, खूप ताण. केस लगेच जात नाहीत, एवढ्या अंतरानेच जातात. घर बदलणं नेमकं त्याच काळात झालं की आळ पाण्यावर येतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्यावं. त्यावर सॉफ्टनरचा, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचा, काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, पाणी किती जड आहे. इथे टीडीएस मीटर बहुतेकांना फसवतो. तो विरघळलेले सगळेच क्षार एकत्र मोजतो, त्यातलं पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही. हार्डनेसचं, म्हणजे या जडपणाचं, थेंब मोजायचं किट वेगळं मिळतं. नमुन्यात आधी किटमधल्या पहिल्या बाटलीतलं बफर, मग दुसऱ्या बाटलीतलं रंगद्रव्य टाकलं की पाणी रेड वाइनच्या रंगाचं लालसर होतं. मग तिसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब-थेंब टाकत, प्रत्येक थेंबाला हलवत जायचं. लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. थेंब गुणिले किटवर दिलेला आकडा, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. जांभळ्यावर थांबलात तर आकडा कमी येतो, ही नेहमीची गफलत.

भारतीय मानकात (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत हार्डनेस स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आमच्या टाकीचा आकडा ४५० च्या आसपास येतो, टँकर बदलला की तोही बदलतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही. टाकीत नवीन टँकर रिकामा झाल्यावर आणि ऐन उन्हाळ्यात पुन्हा बघावं.

हे क्षार केसाला चिकटतात कारण केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि कॅल्शियम धन भाराचं. रंगवलेल्या, ब्लीच केलेल्या, सतत इस्त्री मारलेल्या केसांत अशा जागा जास्त, म्हणून तिथे थरही जास्त. पाणी अल्कधर्मी असेल तर आणखी भर. आणि अंगाचा साबण डोक्याला लावला तर विचारूच नका. साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. केस राठ, निस्तेज, धुऊनही ओशट. विंचरताना गुंता होतो आणि तिथेच तुटतात. रिठा-शिकेकाईचा फेस साबणाचा नसल्याने असा साका धरत नाही, हा त्यांचा खरा फायदा.

जड पाण्याने केसाची ताकद प्रत्यक्षात कमी होते का, यावर मात्र अभ्यास एकमत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात केसाच्या ताणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये पाकिस्तानातल्या एका अभ्यासात ताकद घटल्याचं दिसलं. माझं मत असं, की मोठं नुकसान थेट क्षारांपेक्षा त्यांनी वाढवलेल्या गुंत्याने आणि घासण्याने होतं.

आता उपाय. आधी बसलेला थर काढायचा. त्यासाठी कीलेटिंग, म्हणजे क्षार धरून काढणारा, शाम्पू. बाटलीवर घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए, डायसोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट बघायचं. ईडीटीए किरकोळ प्रमाणात बऱ्याच शाम्पूंत असतं, ते शाम्पू टिकावा म्हणून. अगदी शेवटी लिहिलेलं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. लावून पाचेक मिनिटं थांबायचं, धुवायचं आणि कंडिशनर लावायचाच. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. दर वेळी वापरला तर केस कोरडे पडतात.

त्यानंतर दर धुण्याला शेवटचं आंबट पाणी. एक लिटर पाण्यात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, १ ग्रॅम. सपाट पाव चमचा. किंवा पांढरं व्हिनेगर १५ मिलि. हे प्रमाण जड पाण्यासाठी धरलंय. पाण्यातले बायकार्बोनेट आधी आम्ल खातात, उरलेलं आम्ल केसाच्या कामी येतं. पीएचच्या (आंबटपणा मोजायच्या) पट्टीवर ४ ते ५ आलं की बरोबर. तांब्याने केसांवरून सोडायचं, मिनिटभर ठेवायचं, वरून थोडं साधं पाणी. टाळूवर जखम किंवा फोड असतील तर नको. लिंबू थेट चोळणं आणि सोड्याने केस धुणं, दोन्ही टाळा. सोड्याने पीएच उलट वर जातो.

अनेक जण सुरुवातीलाच शॉवर फिल्टर आणतात. कार्बनचा असो की व्हिटॅमिन सीचा, तो क्लोरीन काढतो. हार्डनेस जिथल्या तिथे. तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही. उकळल्याने बायकार्बोनेटचा भाग तळाशी बसतो (गीझरच्या कॉईलवरचा थर तोच), सल्फेट-क्लोराइडवाला राहतो. तरी प्रवासात किंवा भाड्याच्या खोलीत पाणी पाच मिनिटं उकळून, निवू देऊन वरचं नितळ घेणं हा बिनखर्ची मार्ग आहे.

कायमचा इलाज रेझिनचा, म्हणजे कॅल्शियम पकडणाऱ्या बारीक मण्यांचा, छोटा सॉफ्टनर. खरेदीच्या वेळी मॉडेलचं नाव नाही, आत रेझिन किती लिटर आहे ते विचारायचं. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस पकडतं. ४५० च्या पाण्यात दोन लिटर रेझिन म्हणजे दोनशे-सव्वादोनशे लिटर. दोन माणसं, आठवड्यातून दोनदा नाहणं, दर वेळी १५ लिटरची बादली, तर तीन-साडेतीन आठवडे. सगळ्या आंघोळीला जोडलं तर तेच दोन-चार दिवसांत संपतं आणि मग "मशीन चालत नाही" म्हणून ओरड. नळ पूर्ण सोडूनही उपयोग नाही. पाणी वेगाने गेलं की हार्डनेस निसटतो. बादली भरायला पंधरा मिनिटं लागू द्यावीत.

रेझिनची पकड संपली की ती मिठाने परत आणायची. आधी पाणी खालून वर सोडून गाळ काढायचा. मग दोन लिटर रेझिनला ३०० ग्रॅम स्वच्छ मीठ तीन लिटर पाण्यात विरघळवून अर्धा तास सावकाश सोडायचं. घाईने ओतलेलं मीठ नुसतं वाहून जातं. शेवटी खारट चव जाईपर्यंत धुवायचं. ते पाणी झाडांना नको. बोअरला लोह असेल तर रेझिन तांबूस होऊन बसतं, तिथे आधी लोहाचा फिल्टर लागतो. सॉफ्टनरच्या पाण्याने टीडीएस उतरत नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. मीटर बघून विक्रेत्याशी भांडू नका, थेंबांचं किट लावा. या पाण्यात शाम्पू निम्मा पुरतो आणि केस धुतले तरी बुळबुळीत लागतात. तो शाम्पू राहिलेला नसतो.

पाणी जास्त प्यायल्याने केस मऊ होतात, हेही खूप ऐकू येतं. बाहेरची काडी निर्जीव आहे, तिच्यातला ओलावा हवेच्या दमटपणावर ठरतो. तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्यायलात की झालं. कोरडेपणावर धुण्याआधीचं खोबरेल जास्त कामाचं. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं, की खोबरेलाने धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते. सूर्यफूल आणि खनिज तेलाने तसं होत नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे, कारण खोबरेलाचे रेणू छोटे आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतात. रात्रभर ठेवायची गरज नाही. थोडंच घेऊन टोकांकडे लावायचं, तासाभराने शाम्पू.

किट संपलं तर रेझिनची पाळी ओळखायला बाटली पुरते. पारदर्शक बाटलीत निम्मं पाणी, साध्या साबणाचा चिमूटभर कीस, दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली नितळ पाणी, तर सॉफ्टनर चालू आहे. फेस विरळ आणि पाणी दुधाळ, तर मीठ घालायची वेळ झाली. लिक्विड हँडवॉश यात चालत नाही. त्यात बहुधा साबण नसतोच, जड पाण्यातही फेस येतो आणि परीक्षा फुकट जाते.