झेड ब्रिजवरचे ३० सेकंद
आज रात्री पुण्यात डेक्कनजवळच्या, मुठा नदीवरच्या झेड ब्रिजवर ट्रायपॉड लावला होता, आयएसओ १००, एफ ११ (म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश कमी), शटर ३० सेकंद उघडं, तेवढ्यात जे हलेल ते पुसट. गाड्या गेल्या की पूल थरथरतो, म्हणून जरा ओसरायची वाट बघावी लागते, तेवढ्यात एक काका "सर्व्हे चाललाय का?" विचारून गेले (पुणे!). फोटोत धावती टू-व्हीलर एकही नाही, नुसत्या टेललाइटच्या लाल रेघा. आणि कठड्याशी अॅक्टिवावर पाठमोरं बसलेलं जोडपं, ती मान हलवून हलवून बोलत होती तर तिचं डोकं पार पुसट, तो बिचारा गुपचूप ऐकत होता तर त्याच्या शर्टाच्या चौकड्यासुद्धा दिसतायत 😄

१८३८ मध्ये डागेरने (फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला फ्रेंच फोटोग्राफर) पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला त्यात हेच झालेलं, एक्स्पोजर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) काही मिनिटांचं, त्यामुळे भर वर्दळीचा रस्ता ओसाड दिसतो, आणि टिकला कोण तर बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस!

मला वाटतं डोक्यातलं डेक्कनही असंच तयार होतं. कॉलेजच्या दिवसांतलं ट्रॅफिक मला आठवतच नाही, होतं बरं का तेव्हाही, आठवतो तो शेगडीला पंख्याने वारा घालणारा कणीसवाला, कारण तो रोज तिथेच असायचा.

आता नदीपात्रातून मेट्रो जाताना एक फ्रेम घ्यायचीये, कोणी येणार असेल तर सांगा, ट्रायपॉड आपापला आणा.