आमच्या गावचा पोलीस रेडिओ मुका झाला

गेल्या गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास आमच्या घरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, चांगली वीस-पंचवीस मिनिटं. मागच्या रस्त्यावर पोलिसांच्या तीन-चार गाड्या, बेडरूमच्या भिंतीवर निळे दिवे फिरतायत, लेक उठून बसलेली आणि नवरा कामासाठी डॅलसला. मी सवयीनं स्कॅनर, म्हणजे पोलीस-फायरचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा सेट, चालू केला. आमच्या गावच्या पोलिसांचा चॅनेल लागला, सिग्नलच्या कांड्या पूर्ण भरलेल्या, म्हणजे कोणीतरी बोलत होतं, पण आवाज शून्य. स्क्रीनवर नुसती तीन अक्षरं, ई-एन-सी. एन्क्रिप्टेड, म्हणजे चावी असलेल्यालाच कळेल असं सांकेतिक केलेलं.

मी दारं परत एकदा तपासली, सगळे दिवे घालवले आणि लेकीला कुशीत घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की पलीकडच्या गल्लीतले एक डिमेन्शियाचे आजोबा घरातून निघून गेले होते, त्यांना शोधत होते. पहाटे सापडले, सुखरूप आहेत. पण माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. चॅनेल उघडा असता तर मला पाच मिनिटांत कळलं असतं आणि मी सगळे दिवे लावून, टॉर्च घेऊन, अंगण आणि शेड बघून आले असते. त्याऐवजी मी दिवे घालवले. एक म्हातारा माणूस थंडीत भरकटतोय आणि आख्खी गल्ली घाबरून अंधार करून बसली होती.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका सबर्बमध्ये राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला हा नाद लावला शेजारच्या आजोबांनी (लेक त्यांना 'आजोबा'च म्हणते, त्यांनाही आता त्याचा अर्थ कळतो). त्यांच्या बेसमेंटमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात १९७० च्या दशकातले क्रिस्टल आहेत. नखाएवढी चपटी डबी, खाली दोन पिना आणि वर कागदाच्या पट्टीवर बारीक अक्षरात फ्रिक्वेन्सी. तेव्हाच्या स्कॅनरला एका चॅनेलसाठी एक क्रिस्टल विकत घ्यायला लागायचा. आठ चॅनेल ऐकायचे तर आठ क्रिस्टल, आणि पगार बघून कुठला आधी घ्यायचा ते ठरायचं. पुढे डिजिटल आलं, पी-२५ नावाची पोलीस-फायरच्या डिजिटल रेडिओची पद्धत आली, ट्रंकिंगमुळे, म्हणजे अनेकांनी थोड्या फ्रिक्वेन्सी वाटून वापरल्यामुळे, एकच बोलणं क्षणाक्षणाला वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर उड्या मारायला लागलं, तरी ही ऐकणारी मंडळी मागे हटली नाहीत, सातशे डॉलरच्या आसपासचे सेट घेऊन त्यांनी तेही पकडलं. एन्क्रिप्शनपुढे मात्र इलाज नाही. एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीची चावी नसेल तर हातातला सेट म्हणजे दगड, आणि ते फोडायचा प्रयत्न केलात तर गुन्हा.

नुसतं ऐकणं इथे गुन्हा नाही हे आपल्याकडच्या लोकांना पटकन पटत नाही. १९८६ च्या अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यातच लिहिलंय की पोलीस-फायरचं उघडं बोलणं कोणीही ऐकू शकतं. काही राज्यं गाडीत स्कॅनर ठेवू देत नाहीत, शेजारचं इंडियाना त्यातलंच, पण तिथेही हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असेल तर चालतं, म्हणून मी ती परीक्षा दिली. पस्तीसपैकी सव्वीस लागतात, मला चौतीस मिळाले. आणि आपल्याकडे? साधा आकाशवाणी ऐकायचा रेडिओ असला तरी पोस्टात लायसन्स फी भरायला लागायची, ते पुस्तक आमच्या घरात अजून आहे. पोलिसांचं ऐकायचं असा विचारही कोणाच्या मनात यायचा नाही.

आमच्या घरात तर नाहीच. बाबा पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात होते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९३ ला, त्यांना सेट घेऊन लातूरकडे पाठवलं होतं आणि पंधरा दिवस आम्हाला त्यांचा निरोप फक्त साताऱ्याच्या कंट्रोल रूमकडून यायचा, 'ठीक आहेत' एवढाच. घरी आल्यावरही ते काही सांगायचे नाहीत. वायरलेसवरचं वायरलेसवरच, हे आमच्या घरातलं व्रत.

म्हणून रविवारी फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "बंद केलं ते बरं केलं. तुला गं कशाला लोकांच्या भानगडी?"

मला ते फार लागलं. भानगडी नाहीत हो बाबा. २० जून २०२१ च्या रात्री वुडरिजला टोर्नेडो आला तेव्हा आमची लाईट गेलेली, टीव्ही बंद, आणि त्या बाजूच्या फायरच्या चॅनेलवरून मला कळत होतं की कुठल्या रस्त्यावर झाडं आडवी पडलीत, कुठे गॅस लीक आहे. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीला मी मेसेज करून सांगितलं की गाडी काढू नकोस. ही भानगड का?

बाबांची बाजू मला कळत नाही असं नाही. रेडिओवर माणसाचं नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर सगळं वाचून दाखवतात, आणि एकदा एका बाईंचा पत्ता आणि त्यांच्या मनाची अवस्था असं दोन्ही मी ऐकलंय, तेव्हा मी स्वतः आवाज बंद केला होता. शिकागो शहरात २०२० च्या उन्हाळ्यात, पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्यानंतरच्या आंदोलनांच्या वेळी, लोक पोलिसांच्या चॅनेलवर घुसून गाणी वाजवत होते. त्या चॅनेलवर 'दहा-एक' म्हणजे पोलीसच संकटात आहे, मदत पाठवा, आणि ती हाक गाण्याखाली दबली तर जीव जाईल. २०२२ मध्ये शिकागोनं शहराच्या एकेका भागाचा पोलीस चॅनेल (झोन) बंद केला आणि पब्लिकला अर्ध्या तासानं जुनं ऐकायची सोय दिली. पण गाणी वाजवणाऱ्यांना अडवायला ऐकणाऱ्यांचे कान कशाला बंद करायचे? आणि अर्ध्या तासानं कळून मी टॉर्च घेऊन काय करणार होते?

दुसरा रस्ता आहे, तो करून बघितलेला आहे. कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या पोलिसांनी २०२१ च्या जानेवारीत असंच सगळं बंद केलं होतं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत उघडलं. नाव-जन्मतारीख असलं खासगी काही असेल तर फोन करायचा, गाडीतल्या कॉम्प्युटरवर बघायचं, नाहीतर वेगळ्या चॅनेलवर जायचं, बाकीचं उघडं. एवढं साधं. आमच्या गावच्या मीटिंगमध्ये मी हे तीन मिनिटांत सांगितलं (प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळतात), त्यांनी ऐकून घेतलं, थँक यू म्हणाले, पुढचा विषय घेतला. ऐकून तरी घेतात म्हणा, आपल्याकडे नगरपालिकेत मला माईकसुद्धा मिळाला नसता. पण मग परत वाटतं, ज्यांनी पन्नास वर्षं लोकांना ऐकू दिलं त्यांनी ते काढून घेणं जास्त लागतं.

शेजारचे आजोबा आता रेल्वे ऐकतात. बर्लिंग्टन या रेल्वे कंपनीच्या लाईनवर रुळाशेजारी यंत्रं बसवलेली आहेत, मालगाडी गेली की ते यंत्र रेडिओवर बोलतं, दोष नाही, एकूण चाकजोड्या इतक्या. लेक त्यांच्याशेजारी बसून ते आकडे वहीत लिहिते. पोलिसांचा विषय ते काढत नाहीत.

काल बाबांचा परत फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "फायरचं लागतं ना अजून? लाव बघू." मी व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल केला आणि फोन स्कॅनरसमोर धरला. शिकागो शहराचा फायरचा चॅनेल होता. 'स्टिल अँड बॉक्स', म्हणजे खरी मोठी आग, जास्तीच्या गाड्या मागवल्या होत्या, डिस्पॅचर बाई एकेका गाडीचा नंबर घेऊन पत्ता दोनदा सांगत होत्या. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाईंचा आवाज चांगलाय. अजिबात घाई नाही. आकडे सुटे सुटे म्हणतात, तसेच म्हणायचे असतात."

आणि म्हणाले, "ठेवू नकोस एवढ्यात, आग विझू दे."