पिक्चरमध्ये बघायला उरतं काय?

"मॅडम, सगळं आधीच शोधून काढता, मग पिक्चरमध्ये बघायला उरतं काय?"

दर बॅचमध्ये एक तरी मुलगा हे विचारतोच. मी डोंबिवलीत अकरावी-बारावी कॉमर्सच्या शिकवण्या घेते, पुस्तपालन शिकवते, आणि फळ्याच्या कोपऱ्यात अधूनमधून पुढच्या सुपरहिरो सिनेमाबद्दलचे माझे अंदाज लिहिलेले असतात, तेव्हा विचारणारच. सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात. सासूबाई तर विचारतात आणि उत्तर न ऐकताच स्वयंपाकघरात निघून जातात. आता तुम्हीही विचारलंत, तर एकदा नीट बसून सांगते. त्यासाठी २०२१ चा स्पायडरमॅन सांगावा लागेल, कारण इतके अंदाज मी आयुष्यात दुसऱ्या कशाचेच बांधले नाहीत. लग्नाआधी थोडे बांधले असतेस तर बरं झालं असतं, असं नवरा म्हणतो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉलिवूडच्या या सिनेमांत तोवर तीन नट स्पायडरमॅन झाले होते. टोबी मॅग्वायर २००२ ते २००७, तीन सिनेमे. अँड्र्यू गारफिल्ड २०१२ आणि २०१४, दोन सिनेमे. मग २०१६ पासून टॉम हॉलंड. तिघांच्या गोष्टी वेगळ्या, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. टोबीचा पहिला सिनेमा मी दहावीच्या सुट्टीत पाहिला आणि वेडी झाले, पण जीव अडकला तो अँड्र्यूत. कारण त्याचं प्रकरण अर्धवट राहिलं. त्याच्या दुसऱ्या सिनेमाच्या शेवटाकडे त्याची प्रेयसी ग्वेन उंचावरून पडते, हा जाळं सोडतो, जाळं तिच्यापर्यंत पोचतं, पण उशीर होतो. ती जाते. आणि पुढचा भाग आलाच नाही. मालिका मधेच बंद पडली की सासूबाई आठवडाभर कशा वागतात ते मी पाहिलंय, त्यामुळे निदान घरात एका माणसाला माझं दुःख कळायला हरकत नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदी अजून पुरती उठलेली नसताना, जेमी फॉक्सनं एक पोस्ट टाकली आणि मग काढून टाकली. हा नट अँड्र्यूच्या सिनेमात इलेक्ट्रो नावाचा खलनायक झाला होता. आता तो टॉमच्या नव्या सिनेमात येतोय म्हणे, आणि त्या पोस्टमधल्या चित्रात तीन स्पायडरमॅन होते. तीन! पुण्याहून भाच्याचा फोन आला, रात्री साडेअकराला. "मावशी, बसली आहेस ना? बस आधी."

पुढच्या एप्रिलमध्ये आल्फ्रेड मोलिना या गृहस्थांनी एका मुलाखतीत सरळ सांगून टाकलं की मीही आहे. हे टोबीच्या २००४ च्या सिनेमातले डॉक्टर ऑक्टोपस. झालं, मी वही काढली. डावीकडे खलनायक, उजवीकडे नायक. ट्रेलर येत गेले तसा डावीकडचा आकडा वाढत गेला: टोबीकडचे तीन, अँड्र्यूकडचे दोन. उजवीकडे एकटा टॉम. बारावीचं पोर सांगेल की ही तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत नाही. जमा-नावे जुळलं नाही की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकतात, चूक सापडेपर्यंत. मी त्या वर्षी सस्पेन्स अकाउंट शिकवताना हेच उदाहरण दिलं. मुलांना तो धडा अजून आठवतो, ऑडिटमध्ये नोकरीला लागलेला एकजण परवाच सांगत होता.

मात्र ज्याला विचारावं तो नाही म्हणायचा. टॉम नाही म्हणाला. फेब्रुवारीत तर त्यानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी सिनेमाची तीन वेगवेगळी खोटी नावं जाहीर करून आमची टिंगल केली होती, तेव्हा त्याच्या शब्दाला तशीही किंमत नव्हती. खरा प्रश्न अँड्र्यूचा. त्याला वर्षभर प्रत्येक मुलाखतीत हेच विचारलं जात होतं, आणि तो इतक्या शांतपणे, इतक्या कळवळ्यानं नाही म्हणायचा की मलाच त्याची दया यायची. मला फोनच आला नाही, म्हणाला. चित्रीकरणाच्या जागेवरचा म्हणून एक फोटो बाहेर आला, तर तो फोटोशॉप आहे म्हणाला. लोकांची निराशा होईल याचं वाईट वाटतं, असंही म्हणाला. भाचा म्हणाला, "मावशी, नाहीये गं तो. इतकं खोटं कुणी बोलतं का?" मी वहीकडे बोट दाखवलं. माणूस खोटं बोलेल, तेरीज नाही बोलत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मैत्रिणींची नेहमी गल्लत होते. अंदाज बांधणं वेगळं आणि फोडणं वेगळं. परीक्षेआधी आम्ही मास्तर लोक आयएमपी काढतो: गेल्या पाच वर्षांचे पेपर समोर घ्यायचे, कोणत्या धड्यावर दोन वर्षांत प्रश्न नाही ते बघायचं, आणि सांगायचं की यंदा भागीदारी संस्थेचं विसर्जन येणार. हे डोकं चालवणं झालं. पेपर फोडणं म्हणजे चोरी. ऑगस्टमध्ये पहिला ट्रेलर यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी मोबाईलवर चोरून टिपलेली अंधुक चित्रफीत फिरायला लागली. भाच्यानं मला पाठवली. मी न बघता पुसली आणि त्याला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी खरा ट्रेलर आला आणि चोवीस तासांत ३५ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. त्यातले निदान वीस वेळा आमच्या घरातले.

नोव्हेंबरात दुसरा ट्रेलर आला. त्यात शेवटी तीन खलनायक एकट्या टॉमच्या अंगावर झेप घेतात. ब्राझीलमध्ये जो ट्रेलर दाखवला तो इतर ठिकाणच्यापेक्षा एखाद्या क्षणानं लांब होता, आणि त्या क्षणात दिसतं की लिझर्ड नावाच्या सरड्याचं थोबाड हवेतच फाडकन एका बाजूला वळतं. समोर कुणी नाही. कुणीच नाही, तरी सरड्याला लागली! कुणाला तरी चित्रातून पुसून काढलं होतं आणि त्यानं मारलेली लाथ पुसायची राहिली होती. हिशेबात चोरी करणाऱ्या कारकुनाची पण नेमकी हीच चूक होते, नोंद खोडतो पण बेरीज बदलायला विसरतो. त्या रात्री मी भाच्याला फोन केला. साडेअकरालाच.

सिनेमा भारतात १६ डिसेंबर २०२१ ला, गुरुवारी आला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. सकाळची ऑनलाइन बॅच मी दुपारवर ढकलली. मुलांनी कारण विचारलं नाही, निम्मी तिथेच भेटली. महाराष्ट्रात तेव्हा थिएटरं निम्म्या क्षमतेनं चालू होती. भाचा आणि मी, मधे एक रिकामी खुर्ची, तिच्यावर पट्टी चिकटवलेली. तोंडाला मास्क. त्या रिकाम्या खुर्चीवरून पॉपकॉर्न इकडून तिकडे जात होतं.

आता उत्तराकडे येते. कोण येणार ते मला माहीत होतं, जवळजवळ लेखी. पण तो येतो कसा, तर असा: टॉमचा मित्र नेड त्याच्या आजीच्या घरात बसून, जादूची अंगठी घालून, हवेत एक गोल दार उघडतो. पलीकडे एक अंधारी गल्ली. गल्लीत स्पायडरमॅन. तो वळतो, धावत येतो, दारातून आत पाऊल टाकतो आणि मुखवटा काढतो. अँड्र्यू. थिएटरात जे झालं त्याला आवाज म्हणायचा की काय, मला ठाऊक नाही. मास्क असूनही अर्ध्या क्षमतेचं थिएटर पूर्ण क्षमतेनं ओरडलं. पुढचे संवाद कुणालाही ऐकू आले नाहीत. तो खरंच स्पायडरमॅन आहे का हे तपासायला नायिका त्याला पाव फेकून मारते, मग छताला चिकटून दाखव म्हणते. तो चिकटतो. आणि तेवढ्यात नेडची आजी तिच्या भाषेत काहीतरी सांगते. नेड भाषांतर करतो: आजी म्हणते, वर आहेसच तर त्या कोपऱ्यातलं जळमट काढ.

आणि तो काढतो.

हे माझ्या वहीत नव्हतं! वर्षभर आम्ही तेरीज जुळवत बसलो आणि म्हातारीला तिच्या छताचं पडलेलं. मी इतकी हसले की पट्टी चिकटवलेल्या खुर्चीवर पॉपकॉर्न सांडलं.

नंतरची गोष्ट मात्र आम्हाला माहीत होती. त्याला ग्वेन वाचवता आली नाही, म्हणजे या वेळी टॉमची मैत्रीण पडणार आणि अँड्र्यू तिला झेलणार, हे आम्ही किती तरी आधी ठरवून बसलो होतो. भाचा म्हणालाही होता, असं झालं तर मी दोनशे रुपये देईन. ती स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवतीच्या परांचीवरून पडायला लागली तेव्हा ज्यांना ठाऊक नव्हतं ते दचकले. मी दचकले नाही. मी खुर्चीच्या कडेवर सरकून मनातल्या मनात म्हणत होते, जा रे, जा, आता जा. तो गेला. झेललं. ती ठीक आहे का विचारताना त्याचाच चेहरा कोसळला. मास्कच्या आत रडणं किती गैरसोयीचं असतं हे तेव्हा कळलं. चष्म्यावर वाफ, नाक बंद, आणि दोन खुर्च्या सोडून माझाच एक विद्यार्थी.

मुलांना मी हे असं सांगते. कर्ज बुडीत म्हणून लिहून टाकलं आणि पुढे कधी ते वसूल झालं, तर ती रक्कम त्या ऋणकोच्या खात्यात जमा करत नाहीत. त्याचं खातं केव्हाच बंद झालेलं असतं. ती नफा-तोटा खात्याला जाते. ग्वेन परत आली नाही. तिचं खातं २०१४ ला बंद झालं ते झालंच. पण सात वर्षांनी वसुली आली. आता ही वसुली ज्याला आधीची नोंदच माहीत नाही त्याला कशी दिसणार? वाट बघून बघून आम्हीच ती नोंद जिवंत ठेवली होती.

नंतर अँड्र्यूनं सगळं कबूल केलं. खोटं बोलताना मजा आली म्हणाला. ग्वेनचं काम करणारी एमा स्टोन त्याला मेसेज करून विचारत होती, तिलाही त्यानं नाहीच सांगितलं होतं. सिनेमा पाहिल्यावर तिनं त्याला शिव्या घातल्या. तो आणि टोबी टोप्या-मास्क लावून गुपचूप थिएटरात प्रेक्षकांत जाऊन बसले होते, हेही त्यानंच सांगितलं. मला ते वाचून बरं वाटलं.

माझे अंदाज नेहमी खरे ठरतात असं समजू नका. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वांडाव्हिजन ही मालिका चालू असताना मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं की मेफिस्टो नावाचा सैतान येणार. माशी दिसली, मेफिस्टो. ससा दिसला, मेफिस्टो. मालिका संपली, मेफिस्टोचा पत्ता नाही. शेवटी २०२५ मध्ये तो दुसऱ्याच एका मालिकेत उगवला. बॅचमधल्या मुलांनी तोवर माझं नाव मेफिस्टो मॅडम ठेवलं होतं. अंदाज फसला म्हणून सिनेमावाल्यांना शिव्या देणारे मात्र मला अजिबात आवडत नाहीत. आयएमपीतलं आलं नाही म्हणून बोर्डावर मोर्चा नेतात का?

त्या २०२१ नं एक नुकसान मात्र केलं. आता कुणाच्याही नकाराला किंमत राहिली नाही. २०२४ च्या जुलैमध्ये आधी आयर्न मॅन झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर मुखवटा काढून आता मी डॉक्टर डूम हा खलनायक होणार म्हणाला, तेव्हापासून १८ डिसेंबर २०२६ च्या ॲव्हेंजर्सबद्दल आमची वही पुन्हा चालू आहे. २०२५ च्या मार्चमध्ये सिनेमावाल्यांनी पाच तासांहून जास्त वेळ नुसत्या खुर्च्या दाखवल्या, प्रत्येकीच्या पाठीवर एकेका नटाचं नाव. मी पूर्ण बघितल्या, मधे वरण-भाताचा कुकर लावला. जुना कॅप्टन अमेरिका क्रिस इव्हान्स, त्याची खुर्ची नव्हती, आणि जानेवारीतच तो म्हणाला होता की मी सुखानं निवृत्त झालोय. डिसेंबरात त्याचीच झलक आली. अँड्र्यूचीही खुर्ची नव्हती. टॉमच्या पुढच्या स्पायडरमॅनबद्दल त्याला विचारलं होतं तर नाही म्हणाला, आणि आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही वर.

गेल्या दिवाळीत घरी सगळे जमले होते, भाच्यानं टीव्हीवर तो २०२१ चा सिनेमा लावला. सासूबाई चकलीचं पीठ मळत मागे बसल्या होत्या, लक्ष नाही असं दाखवत. जळमटाचा प्रसंग आला तशा त्या पिठाच्या हातानिशी पुढे आल्या.

"बघ. हिला कळतं. घरात आलेल्या माणसाला काम सांगावं."

मग बराच वेळ पीठ तसंच राहिलं. अँड्र्यूनं त्या मुलीला झेललं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, "हा उंच मुलगा पुढच्यात आहे का गं?"

"नाही म्हणतोय, आई."

"स्वतः म्हणतोय?"

"हो, स्वतः."

"मग आहे," म्हणाल्या, आणि सोऱ्या शोधायला आत गेल्या.