लाइन आली, पण पोस्टग्रेस उठला नाही

जिनिंगच्या काट्यावर, शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात किंवा गावच्या पतसंस्थेत जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर चालवता येतो, आणि चांगला चालतो. आपल्याकडे, वणी-राळेगावपासून आर्वी-हिंगणघाटपर्यंत, तो अडतो दोन वेळा: पहिल्यांदा टाकताना, नाहीतर लाइन जाऊन परत आल्यावर. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असतात, कास्तकार पावतीसाठी थांबलेला असतो आणि कुणीतरी सुचवतं, "सगळं काढून पुन्हा टाका." हा सल्ला ऐकू नका. बिघाड डेटाबेसच्या आत फार क्वचित असतो. तो असतो भोवती: लोकेल (भाषा आणि अक्षरांची मांडणी), परवानग्या, नेटवर्क, डिस्क, घड्याळ. आणि कारण बहुतेक वेळा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये, स्पष्ट लिहिलेलं असतं.

खालचं सगळं डेबियन १२ आणि त्यातल्या पोस्टग्रेस १५ ला धरून आहे. उबुंटूवरही मांडणी तीच, फक्त आवृत्तीचा आकडा बदलतो. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाकायची.

पहिली फसगत सिस्टमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग, करतो. "सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल" टाकलं की हिरव्या अक्षरांत "ॲक्टिव्ह" दिसतं आणि माणूस सर्व्हर सोडून दुसरीकडे शोधत बसतो. त्याच ओळीत पुढे कंसात "एक्झिटेड" लिहिलेलं असतं, ते वाचा. डेबियनवर ही सेवा नुसती छत्री आहे. ती स्वतः "/बिन/ट्रू" एवढंच चालवते, म्हणून कायम यशस्वी दिसते. खरी सेवा "पोस्टग्रेसक्यूएल@१५-मेन" या नावाची असते. त्यामुळे सुरुवात "पीजी_एलएसक्लस्टर्स" या कमांडने करावी. ती आवृत्ती, क्लस्टरचं (एका सर्व्हरखालच्या सगळ्या डेटाबेसांच्या संचाचं) नाव, पोर्ट, स्थिती, डेटाची जागा आणि लॉगची फाइल एका ओळीत दाखवते. "डाउन" दिसलं तर लॉगकडे जा. "ऑनलाइन" आहे पण पोर्ट ५४३३ आहे, तर ५४३२ आधीच एखाद्या जुन्या आवृत्तीच्या क्लस्टरने धरलेला आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर त्या जुन्याशीच बोलतंय. आणि वरच्या शीर्षकाखाली एकही ओळ नसेल, तर क्लस्टर कधी तयारच झालेलं नाही.

लॉग "/व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल/पोस्टग्रेसक्यूएल-१५-मेन.लॉग" इथे असतो. शेवटच्या चाळीसेक ओळी "टेल"ने काढा आणि "फेटल" किंवा "पॅनिक" शोधा. ती ओळ, तिच्या वरची ओळ आणि खाली "हिंट" असेल तर तीही, अशा तिन्ही वाचा. वरची ओळ बरेच जण सोडतात आणि खरं कारण नेमकं तिथेच असतं.

आता क्लस्टर तयारच न होण्याचं कारण. इथे दोष जवळजवळ नेहमी लोकेलचा निघतो. लॅपटॉपवर भाषा "ईएन_आयएन" ठेवलेली असते. तिथून एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडायच्या सोयीने) सर्व्हरवर गेलं की लॅपटॉपची "लँग" आणि "एलसी"ने सुरू होणारी व्हेरिएबल सोबत जातात आणि डेबियनचा एसएसएच सर्व्हर ती स्वीकारतो. सर्व्हरवर मात्र ते लोकेल बनवलेलंच नसतं. पॅकेज बसतं, पर्ल लोकेलबद्दल इशारे देतो आणि क्लस्टर बनवणारी स्क्रिप्ट लोकेल अवैध आहे म्हणून थांबते. पॅकेज बसल्याचा शेवटचा संदेश ठीक दिसतो, म्हणून वरचे इशारे कुणी पाहत नाही.

उपाय असा. "/ईटीसी/लोकेल.जेन" उघडा, "ईएन_आयएन यूटीएफ-८" आणि "एमआर_आयएन यूटीएफ-८" या ओळींपुढचं हॅशचं चिन्ह काढा, "लोकेल-जेन" चालवा. मग "लोकेल -ए"च्या यादीत जे नाव दिसेल तेच देऊन क्लस्टर बनवा: "पीजी_क्रिएटक्लस्टर १५ मेन", पुढे "-ई यूटीएफ८", "--लोकेल" आणि "--स्टार्ट".

यावर एक झटपट उपाय सांगितला जातो: "एलसी_ऑल" ला "सी" द्या आणि पुढे चला. सर्व्हर त्याने लगेच उभा राहतो, पण एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) "एसक्यूएल_आस्की" होऊन बसतं आणि मराठी डेटासाठी हे घातक आहे. तपासायला सोपं आहे. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या टर्मिनल साधनात "सिलेक्ट लेंग्थ" करून कंसात "विदर्भ" हा शब्द द्या. यूटीएफ८ असेल तर उत्तर ६ येतं: व, इकार, द, र, हलन्त, भ. एसक्यूएल_आस्की असेल तर १८ येतं, कारण सर्व्हर अक्षरं न मोजता बाइट मोजतोय आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. आता खातेदाराच्या नावाचा रकाना "व्हारकॅर ३०" ठेवला असेल, तर "ज्ञानेश्वर" एवढं एकच नाव पूर्ण ३० बाइट खातं. वडिलांच्या नावाला आणि आडनावाला जागाच नाही, "व्हॅल्यू टू लाँग" म्हणून नोंद नाकारली जाते. "सबस्ट्रिंग"ने नाव कापलं तर अक्षर मधोमध तुटतं आणि पावतीवर चौकोन उमटतात. शिवाय चुकीचे बाइट आले तरी सर्व्हर अडवत नाही. हे पहिल्याच दिवशी पाहावं. क्लस्टर रिकामं असताना "पीजी_ड्रॉपक्लस्टर"ने काढून नवं बनवायला मिनिटभर लागतं. एकदा हंगामाचा डेटा आत गेला की डम्प, तपासणी आणि पुनर्भरण असं मोठं काम होतं.

दुसरा मोठा वर्ग लाइन परत आल्यानंतरचा. डीपीवर लाइन आली की संगणक आणि राउटर एकदमच चालू होतात. अनेकदा राउटरला पत्ते वाटायला जास्त वेळ लागतो. "लिसन_ॲड्रेसेस"मध्ये तुम्ही १९२.१६८.१.१० असा ठरावीक पत्ता लिहिलेला असेल आणि पोस्टग्रेस सुरू होताना तो पत्ता नेटवर्क कार्डावर आलेलाच नसेल, तर लॉगमध्ये "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" आणि खाली "कुड नॉट क्रिएट एनी टीसीपी/आयपी सॉकेट्स" दिसतं. सर्व्हर बंद होतो. याचं अर्धवट रूप जास्त त्रास देतं. यादीत "लोकलहोस्ट" पण असेल तर सर्व्हर उभा राहतो, त्या संगणकावर पीएसक्यूएल नीट चालतं, आणि काट्यावरचा दुसरा संगणक मात्र जोडलाच जात नाही. "एसएस -एलटीएनपी" टाकून ५४३२ नक्की कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा.

माझं मत असं की लहान कार्यालयात "लिसन_ॲड्रेसेस"मध्ये फुली, म्हणजे तारांकन, ठेवावी आणि कोणाला आत घ्यायचं ते "पीजी_एचबीए.कॉन्फ"मध्ये ठरवावं: १९२.१६८.१.०/२४ या जाळ्याला, पासवर्ड तपासायच्या "स्क्रॅम-शा-२५६" पद्धतीने. सोबत फायरवॉलही हवीच. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवा, नाहीतर लाइन गेली-आली की पत्ता बदलतो आणि बाकीचे संगणक जुन्याच पत्त्यावर टकटक करत बसतात. जोडणीचं सॉफ्टवेअर फार जुनं असेल तर "ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड" असा संदेश येतो. स्क्रॅम पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून आहे, आणि १४ पासून पासवर्ड मुळातच त्या पद्धतीने साठवले जातात. इथे ड्रायव्हर नवा टाका, सर्व्हरची सुरक्षा खाली आणू नका.

लाइन अचानक गेल्यावर लॉगमध्ये "डेटाबेस सिस्टम वॉज नॉट प्रॉपरली शट डाउन" आणि "ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस" येतं. हा बिघाड नाही. पोस्टग्रेस वॉलच्या (बदल डेटात उतरण्याआधी ज्यात लिहिले जातात त्या वहीच्या) नोंदी पुन्हा लावून घेतोय. तेवढ्यात जोडायला गेलात तर "द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप" असं उत्तर मिळतं. जुन्या फिरत्या डिस्कवर याला काही मिनिटं लागू शकतात. या वेळी घाईने रीसेटचं बटण दाबणं सगळ्यात वाईट.

"पोस्टमास्टर.पीआयडी" ही जुनी फाइल राहिली असेल तर सर्व्हर सहसा स्वतःच ती ओळखून बाजूला सारतो. "लॉक फाइल इज एम्प्टी" म्हणून अडलाच, तर आधी "पीएस -यू पोस्टग्रेस" टाकून एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री करा, मगच ती फाइल दुसरीकडे हलवा. एका डेटावर दोन सर्व्हर चालले तर डेटा शाबूत राहत नाही.

आता गंभीर संदेश: "कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड". शोधलं की पहिलं उत्तर "पीजी_रीसेटवॉल" मिळतं. त्याने सर्व्हर उठतो, पण आतल्या नोंदी एकमेकींशी जुळतीलच असं नाही. म्हणून आधी अख्खी डेटा डिरेक्टरी "सीपी -ए"ने वेगळ्या डिस्कवर घ्या. चांगला बॅकअप असेल तर तोच लावा. नसेल तरच प्रतीवर रीसेट करा, लगेच "पीजी_डम्प" काढा आणि नव्या क्लस्टरमध्ये भरा. रीसेट केलेल्या क्लस्टरवर पुढे काम चालू ठेवायचं नाही.

ही वेळ का येते? पोस्टग्रेस प्रत्येक व्यवहाराला "एफसिंक" करून डिस्ककडून "लिहिलं" अशी कबुली घेतो. कुणी वेगासाठी "एफसिंक" ऑफ केलं असेल, किंवा डिस्क आपल्या कॅशमध्येच ठेवून "लिहिलं" म्हणत असेल, तर लाइन जाताच तो डेटा गेला. याची परीक्षा घेता येते. "/यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१५/बिन" मध्ये "पीजी_टेस्ट_एफसिंक" आहे. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे खरोखर लिहिणारी डिस्क सेकंदाला साधारण तेवढेच एफसिंक करू शकते. तिथे हजारांत आकडा आला तर डिस्क खोटं बोलतेय. "एचडीपार्म -डब्ल्यू ०" ने तिची लेखन-कॅश बंद करा. वेग पडेल, पण पावत्या राहतील. एसएसडी घेत असाल तर वीज गेल्यावर हातातला डेटा लिहून घेणारी, कपॅसिटर असलेली घ्या. आणि घरगुती इन्व्हर्टरवर विसंबू नका. बॅटरी संपत आल्याचं तो संगणकाला सांगत नाही. यूएसबीने जोडता येणारा यूपीएस आणि "नट" हे सॉफ्टवेअर असेल, तर संगणक वेळेत नीट बंद होतो.

दुसरी डिस्क लावून डेटा तिकडे नेताना परवानग्या बिघडतात. डेटा डिरेक्टरी "पोस्टग्रेस" या वापरकर्त्याच्या मालकीची हवी आणि परवानगी ०७०० किंवा ०७५० एवढीच. "चालत नाही, ७७७ करा" म्हटलं की पोस्टग्रेस सुरू व्हायलाच नकार देतो, आणि ते बरोबर आहे. डिस्कच्या मुळावरच क्लस्टर बनवू नका, तिथे "लॉस्ट+फाउंड" असतं आणि क्लस्टर बनवणारा "इनिटडीबी" जागा रिकामी नाही म्हणून थांबतो. आत एक डिरेक्टरी करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅटच्या पोर्टेबल डिस्कवर डेटा ठेवूच नका.

इथला एक धोका मात्र नीट समजून घ्या. एखाद्या दिवशी ती दुसरी डिस्क माउंट होत नाही, म्हणजे प्रणालीला जोडली जात नाही. तिच्या जागी नुसती रिकामी डिरेक्टरी दिसते, सर्व्हर डेटा नाही म्हणून थांबतो, आणि कुणीतरी तिथे नवं क्लस्टर बनवून टाकतं. सगळ्यांना वाटतं डेटा उडाला. तो डिस्कवर जसाच्या तसा असतो, पण आता त्याच जागी दोन क्लस्टर आहेत आणि नव्या पावत्या भलतीकडे जाताहेत. म्हणून काहीही बनवण्याआधी "फाइंडमाउंट" टाका. "एफएसटॅब"मध्ये डिस्क यूयूआयडीने लिहा आणि सेवेच्या ओव्हरराइडमध्ये "रिक्वायर्समाउंट्सफॉर" देऊन तो मार्ग नोंदवा, म्हणजे डिस्क नसताना सर्व्हर सुरूच होणार नाही.

डिस्क भरली असेल तर "डीएफ -एच" आणि "डीएफ -आय" दोन्ही पाहा, एकात जागा कळते आणि दुसऱ्यात फाइलींच्या संख्येची मर्यादा. जागा हवी म्हणून "पीजी_वॉल"मधल्या फाइली हाताने पुसू नका. त्या का साचल्या ते शोधा: आर्काइव्हची कमांड काढून नेलेल्या पेनड्राइव्हवर लिहायचा प्रयत्न करत असते, नाहीतर जुना रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी नोंदी राखून ठेवणारी खूण) तसाच राहिलेला असतो. तात्पुरती जागा "ॲप्ट क्लीन" आणि "जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ"ने मिळते.

जुन्या मशीनचा सीआर२०३२ सेल संपला की लाइन गेल्यावर घड्याळ मागे जातं. मग ॲप्ट "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" म्हणतं आणि पॅकेजच येत नाही. सेल बदला, "टाइमडेटसीटीएल" तपासा. पॅकेज बसत असतानाच लाइन गेली असेल तर आधी "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए". हंगामात जिनिंगमधली रुई पंख्यात अडकून मशीन तापून बंद पडतं तेव्हाही लक्षणं लाइन गेल्यासारखीच दिसतात, पंखा उघडून बघा. आणि "एसएचएममॅक्स" (सामायिक मेमरीची कर्नलमधली मर्यादा) वाढवा असा सल्ला दिसला तर तो बहुधा ९.३ च्या, म्हणजे २०१३ च्या आधीचा आहे. आता त्याची गरज सहसा पडत नाही.

डेबियनऐवजी रॉकी किंवा फ्रीबीएसडी या प्रणाली वापरत असाल तर तिथे पॅकेज क्लस्टर बनवत नाही. रॉकीवर "पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप --इनिटडीबी", फ्रीबीएसडीवर "सिसआरसी"ने सेवा चालू करून "सर्व्हिस पोस्टग्रेसक्यूएल इनिटडीबी" हाताने द्यावं लागतं.

लॉगमध्ये नवी ओळच नसेल तर "जर्नलसीटीएल -बी -यू पोस्टग्रेसक्यूएल@१५-मेन" बघा. तिथेही काही नाही, तर सर्व्हर समोर चालवा: "सुडो -यू पोस्टग्रेस", मग बिन डिरेक्टरीतला "पोस्टग्रेस", "-डी" नंतर डेटाचा मार्ग आणि "-सी कॉन्फिग_फाइल=" नंतर "/ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१५/मेन/पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ". इथला "सी" लहान लिपीतला आणि "डी" मोठ्या. रूट म्हणून चालवलात तर तो नकार देईल. कॉन्फ फाइलमधली चुकलेली ओळ असेल तर तिचा क्रमांक इथे थेट पडद्यावर येतो. पाहून झालं की कंट्रोल-सीने थांबवा, दुरुस्ती करा आणि मग सेवा नेहमीच्या पद्धतीने सुरू करा.